गिटार खालीच जाईल

मामांना मामा म्हणायला सुरुवात कुणी केली, हे आता कुणालाच आठवत नाही. विमानतळावर सव्वीस वर्षं त्यांनी लोडरचं काम केलं. म्हणजे प्रवाशांचं सामान ट्रॉलीवरून उचलून विमानाच्या पोटात रचायचं आणि आलेल्या विमानाच्या पोटातून काढून पुन्हा ट्रॉलीवर ठेवायचं. या सव्वीस वर्षांत तीन साहेब बदलले, विमानांचे रंग बदलले, मामांच्या गुडघ्यांनी दोनदा राजीनामा दिला आणि दोनदा मागे घेतला. मामा मात्र मामाच राहिले. सख्खा भाचा त्यांना एकही नव्हता.

वर गादीच्या खुर्चीत बसणाऱ्यांना विमानाचं पोट कसं असतं ते माहीत नसतं. तिथं माणसाला उभं राहता येत नाही. गुडघ्यांवर चालायचं, मान वाकवून बॅग घ्यायची आणि अंग वळवून ती मागे लावायची. बाहेर उन्हाचा तडाखा असला की आत भट्टी पेटलेली असते. या कामाला बाहेरचे लोक ‘सामान टाकणं’ म्हणत, आणि मामांचं टाळकं फिरवायला तेवढं पुरे होतं. “टाकायला ती काय वीट आहे?” ते विचारत. “बॅग बसवायची असते. पाहुण्याला बसवतो तशी.”

पण मामांचा खरा दरारा होता तो गिटारींच्या बाबतीत. पाळीवरच्या पाचही जणांना त्यांनी एक शिस्त लावून दिली होती. गिटार ट्रॉलीवरून सगळ्यात आधी काढायची, हातानं बाजूला ठेवायची, आणि सगळं सामान चढलं की शेवटी दाराशी बसवायची. पाठीवर आडवी नाही, तर कुशीवर, दोन मऊ पिशव्यांच्या मध्ये. शेवटी आत गेली म्हणजे पलीकडे दार उघडल्यावर पहिली बाहेर. अशा वस्तूंना ते ‘हातची वस्तू’ म्हणत. हातच्या वस्तूला सरकत्या पट्ट्यावर चढवलेलं मामांना दिसलं, तर त्या माणसाची त्या दिवशी खैर नसे.

ही शिस्त त्यांना कुणी शिकवली नव्हती. नोकरीच्या तिसऱ्याच महिन्यात त्यांनी स्वतः एक गिटार आडवी ठेवून वर दोन जड बॅगा रचल्या होत्या. दुसऱ्या दिवशी ती तक्रारीच्या खिडकीशी परत आली. मानेपाशी तुटलेली, नुसत्या तारांवर लोंबणारी. कुणाच्या पाळीत झालं ते कळायला मार्ग नव्हता, आणि मामा गप्प बसले असते तर प्रकरण मिटलं असतं. पण हा गृहस्थ उठून साहेबांकडे गेला आणि म्हणाला, “ती मी ठेवली होती.” पंधरा दिवस त्यांना कामावरून घरी बसवलं. ही गोष्ट ते पुढे नव्या माणसांना सांगत, घरी जेवताना सांगत, पाहुण्यांना सांगत. चांगली रंगवून, तुटलेल्या मानेचा आवाज तोंडानं काढून सांगत. समोर त्यांची लेक ताटात घास ठेवून ऐकत बसे.

लेक अकराव्या वर्षी गिटार शिकायला लागली आणि पुढे तिनं तेच घेतलं. एका दूरच्या शहरात संगीताच्या कॉलेजात तिला प्रवेश मिळाला. तिच्या शिक्षकांनी आपली स्वतःची गिटार तिला दिली होती, रुंद मानेची, आवाजानं भरदार. त्या गिटारीला ती कुणाला हात लावू देत नसे. पहिल्यांदा कॉलेजला निघाली तेव्हा मामांनी मुद्दाम त्याच विमानावर पाळी मागून घेतली. पण गिटार खाली आलीच नाही. लेकीनं ती आर्जवं करून वर आपल्याजवळ ठेवली होती.

मामांनी तेही पोटात घातलं. मग गेल्या सुट्टीत ती घरी आली आणि परत जाताना विमान निघालं छोटं. वर जागा नाही, गिटार खाली द्यावी लागेल, असं तिला गेटवरच सांगितलं. खाली निरोप आला, वरून एक गिटार येतेय. मामा जिन्याच्या पायथ्याशी दोन्ही हात पुढे करून उभे राहिले. पाच मिनिटं उभे होते. गिटार आली नाही. लेकीनं बाहेर काचेपलीकडे थांबलेल्या आईकडे ती परत पाठवली आणि स्वतः रिकाम्या हातानं विमानात बसली. चार महिने कॉलेजच्या गिटारीवर सराव केला, पण बापाच्या हातात आपली गिटार दिली नाही. मामांना हे फार लागलं. बोलून मात्र त्यांनी कुणाला दाखवलं नाही.

आणि आता मामा निवृत्त झाले होते आणि लेकीची शेवटची परीक्षा आली होती. वाजवून दाखवायची परीक्षा, दुपारी चार वाजता, परीक्षकांसमोर. तिच्या बोटांना सवय त्या रुंद मानेची. कॉलेजच्या गिटारीवर बोटं आखडतात, असं तिनं फोनवर सांगितलं.

“बाबा, माझी गिटार कुणाबरोबर तरी पाठवाल?”

“कुणाबरोबर कशाला? मी आणतो. परीक्षेच्या दिवशी सकाळच्या विमानानं.”

“वर आपल्याजवळच ठेवा हं. खाली देऊ नका.”

“नीट आणतो,” मामा म्हणाले.

बायको शेजारी बसून ऐकत होती. फोन ठेवल्यावर तिनं विचारलं, “तिनं वर ठेवायला सांगितलंय ना?”

“सांगितलंय.”

“मग?”

“मग ऐकलं मी.”

“ऐकलंत. करणार काय आहात?”

“गिटार खालीच जाईल,” मामा म्हणाले. “सव्वीस वर्षं मी लोकांना सांगत आलो, द्या, काही होत नाही. आता स्वतःची वेळ आली आणि मी ती मांडीवर घेऊन बसू? मग इतकी वर्षं मी काय थापा मारत होतो?”

बायकोनं कपाळाला हात लावला. पण नवऱ्यानं एकदा ठरवलं की ते ठरलं, हे तिला अंगवळणी पडलेलं होतं. तिनं पेटीत गिटारीच्या डोक्याखाली एक जुनी मऊ ओढणी घडी करून ठेवली, आणि मामांनी तारा थोड्या सैल केल्या.

मामांचा हा पहिलाच विमानप्रवास. हजारो विमानांच्या पोटात शिरलेला माणूस, पण जिना चढून वर कधी गेला नव्हता. इस्त्रीचा शर्ट घालून ते काउंटरवर पोचले, तेव्हा तिथल्या मुलीनं हसून विचारलं, “मामा, आज विमान अर्धं रिकामं आहे. शेजारची सीट देते, गिटार तिथंच ठेवा ना.”

“खाली,” मामा म्हणाले.

“अहो, फुकटात देतेय.”

“तू चिकटव चिठ्ठी. आणि मला मागची खिडकी दे, उजव्या बाजूची.”

सामानाचं दार उजव्या बाजूला असतं. खिडकीतून मामांना सगळं दिसत होतं. ट्रॉली आली. त्यांची पाळी, पाचच्या पाच जण. त्यात पैलवान होता, ज्याचं वजन त्याच्या बॅगेपेक्षा कमी भरायचं, आणि नवरदेव होता, ज्याच्या लग्नाला बारा वर्षं झाली तरी ते नाव सुटलं नव्हतं. नवरदेवानं सगळ्यात आधी गिटार काढली, दोन्ही हातांनी, आणि ट्रॉल्या ओढणाऱ्या ट्रॅक्टरच्या सीटवर नीट टेकवून ठेवली. पैलवान पोटात शिरला. बॅगा चढायला लागल्या. मामांची छाती फुगली. शेजारी एक दातांचे डॉक्टर बसले होते, त्यांना मामांनी कोपरानं ढोसून दाखवलं, “ती बघा. हातची वस्तू. आता शेवटी जाईल.”

सामान संपत आलं आणि कुणीतरी खिडकीकडे बोट दाखवलं. झालं. पाचही जण खिडकीखाली रांगेत उभे राहिले आणि हात हलवायला लागले. नवरदेवानं तर सलाम ठोकला. मामांनी काचेला तळहात लावला, मग दोन्ही हात हलवले, मग डोळे पुसले. सव्वीस वर्षं ज्या जागी उभे राहून ते विमानांना वाटेला लावत होते, त्या जागेवरून आज त्यांना कुणीतरी वाटेला लावत होतं. डॉक्टरांनी त्यांना रुमाल दिला. डॉक्टरांनी त्यांना रुमाल दिला.

दोन तासांनी मामा उतरले आणि सामानाच्या पट्ट्याशी ऐटीत उभे राहिले. बॅगा यायला लागल्या. मोठ्या वस्तूंचं वेगळं दार होतं, मामांची नजर तिथं होती. शेवटी आत, म्हणजे पहिली बाहेर. पण पहिली आली एक लहान मुलाची ढकलगाडी. दुसरं काही आलं नाही. पट्ट्यावरच्या बॅगा विरळ झाल्या, डॉक्टर आपली बॅग घेऊन नमस्कार करून गेले, आणि पट्टा थांबला.

मामा रिकाम्या पट्ट्याकडे बघत राहिले आणि एकदम त्यांच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. पाचही जण हात हलवत होते. पाचच्या पाच. मग दाराशी कोण होतं?

त्यांनी फोन लावला. पैलवानानं पहिल्याच रिंगला उचलला.

“मामा, मी लावतच होतो! मामा, ती इथंच आहे. ट्रॅक्टरच्या सीटवर.”

“तू आत होतास ना?”

“तुम्हाला हात करायला खाली उतरलो. नवरदेवाला वाटलं, मी घेतली म्हणून उतरलो. मला वाटलं, त्यानं दिली. साहेबांनी वेळ झाली म्हणून दार लावलं. मामा, तुम्ही खिडकीतच होतात, तुम्हाला दिसलं नाही?”

दिसायला सगळं दिसत होतं. दार लागेपर्यंत हातच्या वस्तूवरची नजर काढायची नाही, हे त्यांनी या पाचजणांच्या डोक्यात कुटून कुटून भरलं होतं, आणि त्या वेळी त्यांची स्वतःची नजर रुमालात होती.

“पुढचं विमान?”

“अकरा दहा. एक दहाला तिथं पोचेल. आता मी तिच्यापाशीच उभा आहे. हलत नाही.”

“दार लागेपर्यंत हलू नकोस,” मामा म्हणाले.

लेक बाहेर उभी होती. तिनं बापाला पाहिलं, मग त्यांच्या हातांकडे पाहिलं. “कुठंय?”

“मागच्या विमानानं येतेय. राहिली होती.”

“राहिली म्हणजे? खाली दिलीत?”

“दिली.”

लेकीचा चेहरा पांढरा पडला. मामांनी तिला सगळं सांगितलं. लपवाछपवी त्यांना कधी जमलीच नव्हती. वर म्हणाले, “हे बघ, आली नाही म्हणजे शाबूत आहे. मोडलेली वेळेवर येऊन काय उपयोग होता? एक दहाला येईल. इथून कॉलेज चाळीस मिनिटं. तुला सराव करायला वेळसुद्धा मिळेल.”

एवढ्या आत्मविश्वासानं बोलणाऱ्या माणसावर ओरडायचं तरी कसं? लेक वळून हरवलेल्या सामानाच्या खिडकीकडे चालायला लागली.

खिडकीतला कारकून फॉर्म पुढे सरकवून म्हणाला, “वस्तूचं वर्णन?”

“गिटार,” मामा म्हणाले. “काळी पेटी. हे बघा, ती दाराशीच असेल, कुशीवर. उतरवताना मानेकडून धरू नका म्हणावं, आणि सरकत्या पट्ट्यावर—”

“काका, मी फक्त फॉर्म भरतो.”

“आत निरोप द्या ना.”

“आतल्या लोकांशी आमचं बोलणं होत नाही. आलं की इथं आणून देतील.”

दोघं समोरच्या बाकावर बसली. मामांनी चहा आणि बिस्किटं आणली. लेकीनं चहा घेतला आणि उजव्या हाताची नखं बारीक पट्टीनं घासत बसली. तार त्या नखांनी वाजते, परीक्षेला ती तुळतुळीत लागतात. अर्धा तास असाच गेला.

मग मामांना राहवलं नाही. “एक विचारू? माझ्या हातात द्यायला तुझं मन का होत नव्हतं? मी जिन्याखाली उभा होतो. हात पुढे करून.”

लेकीची पट्टी थांबली. “तुम्ही तिथं वाट बघत होतात?”

“मग?”

“बाबा, तुमच्या हातांची मला कधीच भीती नव्हती.” ती आता त्यांच्याकडे वळून बसली. “तुम्ही एका टोकाला असता. हे दुसरं टोक कुणाचं? इथं कोण उभं असतं मला माहीत आहे का? लहानपणापासून तुम्हीच सांगत आलात, मान कशी तुटते, आवाज कसा येतो. मी झोपेत दचकून उठायची त्या आवाजानं.”

आपण सांगितलेली गोष्ट ऐकणाऱ्याच्या ताटात काय वाढून ठेवते, याचा मामांनी कधी विचारच केला नव्हता.

“त्या वेळी मी नवा होतो,” ते म्हणाले. “मला कुणी सांगितलं नव्हतं. आता आमच्याकडे प्रत्येकाला सांगितलेलं आहे.”

“आणि इथल्यांना कुणी सांगितलंय?”

सव्वीस वर्षं मामा दार लावून विमान सोडून देत होते, आणि पलीकडे दार उघडणारा आपल्यासारखाच असेल असं धरून चालत होते. धरून चालले नसते तर एकही बॅग त्यांच्यानं बसवली गेली नसती. पण पाहिलं कुणी होतं?

“असेल कुणीतरी,” ते म्हणाले. “माझ्यासारखं.”

लेक पुन्हा नखं घासायला लागली. मामा उठून पाणी पिऊन आले. थोड्या वेळानं पुन्हा पिऊन आले.

एक दहा झाले. फलकावर विमान उतरल्याचं दिसलं. एक पंचवीस झाले. लोक आपापल्या बॅगा ओढत बाहेर पडायला लागले. कारकुनाची खिडकी तशीच. एक पस्तीसला सगळी माणसं निघून गेली आणि गिटारीचा पत्ता नाही. लेक उभी राहिली. मामाही उभे राहिले. मोडली असेल तर? मुलीची चार वर्षं आपल्या हट्टापायी मातीत घातली असतील तर?

तेवढ्यात बाजूचं लोखंडी दार उघडलं. नारिंगी जाकीट घातलेली एक बाई आत आली. पन्नाशीच्या आसपासची, कान झाकायचं यंत्र गळ्यात लटकलेलं, दोन्ही गुडघे धुळीनं माखलेले. काळी पेटी तिनं दोन्ही हातांवर आडवी घेतली होती, झोपलेलं पोर उचलून आणावं तशी.

“ही लांब पेटी तुमची का? उशीर झाला जरा. चालत आणली.”

“चालत?” मामांनी विचारलं. “ट्रॉली कुठाय तुमची?”

“ट्रॉली आहे हो. पण वाटेत सिमेंटचे सांधे उखडलेत तीन ठिकाणी, तिथं ट्रॉली उडते. असली वस्तू नाही मी ट्रॉलीवर घालत.”

“तुम्हाला कुणी निरोप दिला होता का?”

“कसला निरोप?”

“नीट आणा म्हणून.”

बाईनं मामांकडे जरा रागानंच बघितलं. “निरोप कशाला लागतो? दिसतं ना काय आहे ते.”

लेकीनं पेटी बाकावर ठेवून उघडली. ओढणीच्या घडीवर गिटारीचं डोकं जसंच्या तसं टेकलेलं होतं. तिनं गिटार काढली, डोळ्यापाशी धरून मानेच्या रेषेवरून नजर फिरवली, पाठीवर बोटानं टकटक केली. मग मांडीवर घेऊन एकेक तार ताणत सुरात आणली. तिथंच, त्या रिकाम्या दालनात, तिनं परीक्षेतल्या रचनेच्या पहिल्या ओळी वाजवल्या. कारकून खिडकीतून डोकं बाहेर काढून ऐकत राहिला. बाई जागच्या जागी थांबली, एक हात गळ्यातल्या यंत्रावर ठेवून.

मामांचा जीव भांड्यात पडला, आणि पडला तो इतक्या जोरात की त्यांना बाकावर बसावं लागलं.

वाजवणं थांबवून लेक त्या बाईला म्हणाली, “माझे बाबाही लोडर आहेत. सव्वीस वर्षं केलं त्यांनी.”

“असं होय?” बाई मोकळी हसली. “तरीच चौकशा! मग गुडघे गेलेच असतील.”

“दोन्ही,” मामा म्हणाले.

“माझा डावा गेला.” तिनं फॉर्म पुढे केला. “इथं सही करा. मिळाली आणि चांगल्या स्थितीत मिळाली, म्हणून.”

मामांनी सही केली. बाई कागद घडी करून निघाली, दारापाशी पोचलीही, तेव्हा लेकीनं तिला हाक मारली.

“मावशी, उद्या दुपारी तुमची पाळी आहे?”

“आहे. का गं?”

“आम्ही दोघं परत जातोय, दोनच्या विमानानं. ही तुमच्याकडे देणार आहे. खाली.”

“दे की,” बाई म्हणाली, जणू कुणी पावभर साखर मागितली होती, आणि दार ओढून कामाला गेली.

मामा पेटीच्या कड्या लावायला वाकले. डोळ्यांत पाणी आलं की कडी दिसत नाही, म्हणून एक कडी त्यांना दोनदा लावावी लागली. त्यांची लेक गिटार त्यांच्या हातात देत नव्हती, ती एका परक्या बाईच्या हातात देणार होती, ज्या बाईचं नावही त्या दोघांना माहीत नव्हतं. पण त्या क्षणी मामांना वाटलं, की सव्वीस वर्षं पुढे करून ठेवलेल्या आपल्याच हातात तिनं ती दिली.